घराला वायरलेस अलार्म बसवायचाय? खरेदीआधी कागद-पेन्सिल घ्या

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, पोलिसांचं आवाहन: गावाला जाताना शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला कळवून जा. आणि दोन, इन्स्टाग्रामवर वायरलेस अलार्म किटच्या जाहिराती. 'वायरिंग नाही, ड्रिलिंग नाही, १० मिनिटांत घर सुरक्षित!'

१० मिनिटांत किट खोक्यातून बाहेर काढून भिंतीला चिकटवता येतं, हे खरंच आहे. पण चिकटवलेला अलार्म नेमक्या वेळी वाजेल का, वाजला तर कोणाला ऐकू जाईल आणि ऐकणारा माणूस पुढे काय करेल, या तीन प्रश्नांची उत्तरं खोक्यात मिळत नाहीत. ती आधी कागदावर काढावी लागतात. वायर नाही म्हणून प्लॅनिंगही नाही, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

तर हा सगळा प्रकार नीट समजून घेऊया.

किटमध्ये असतं तरी काय?

ब्रँड कोणताही घ्या, आतला मामला साधारण सारखाच असतो. मध्यभागी एक हब किंवा पॅनेल. हा सिस्टीमचा मेंदू. त्याला रेडिओ सिग्नल पाठवणारे छोटे सेन्सर, जे बॅटरीवर चालतात. सायरन कधी हबच्या आतच असतो, कधी वेगळा. चालू-बंद करायला कीपॅड, रिमोट किंवा मोबाइल ॲप. आणि बाहेर खबर पोचवण्यासाठी वाय-फाय, सिम कार्ड किंवा दोन्ही.

दाराचा सेन्सर सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. त्याचे दोन तुकडे असतात. एका तुकड्यात लोहचुंबक, दुसऱ्यात रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ असताना चिकटणाऱ्या आणि दूर गेला की सुटणाऱ्या दोन बारीक पट्ट्या. दार उघडलं, चुंबक लांब गेला, सिग्नल सुटला. यात अंदाजाला जागाच नाही. दार उघडं आहे किंवा बंद आहे.

हालचाल ओळखणारा सेन्सर, म्हणजे पीआयआर, थोडा गुंतागुंतीचा. नावात 'इन्फ्रारेड' आहे म्हणून अनेकांना वाटतं की तो काही किरण सोडतो. तो काहीच सोडत नाही. खोलीतल्या वस्तूंमधून बाहेर पडणारी उष्णता तो फक्त बघत असतो. पुढची दुधी रंगाची, खाचा असलेली प्लास्टिकची काच खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की उष्णतेत झटकन फरक पडतो आणि सेन्सर जागा होतो. म्हणूनच समोरून आडवा चालणारा माणूस त्याला पटकन दिसतो, पण सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारा उशिरा दिसतो. आणि साध्या खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस त्याला जवळपास दिसतच नाही, कारण शरीरातून निघणारी ही उष्णता काच अडवते.

या एवढ्या माहितीवर अर्धं प्लॅनिंग उरकतं. कसं, ते पुढे बघू.

तिसरा प्रकार कंपनाचा सेन्सर. दारावर पहार किंवा स्क्रू-ड्रायव्हर चालवला तर तो वाजतो. याशिवाय पॅनिक बटण, धूर आणि गॅसगळतीचे सेन्सर वगैरे जोडता येतात.

आणि हो, सीसीटीव्ही म्हणजे अलार्म नाही. कोण आलं होतं हे कॅमेरा दाखवतो, बहुतेक वेळा येऊन गेल्यावर. अलार्मचं काम आत शिरतानाच आरडाओरडा करणं. दोन्ही असतील तर उत्तमच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

आधी चोराच्या नजरेने घर बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एका कागदावर घराचा नकाशा काढा, ओबडधोबड चालेल. मग घराबाहेर उभं राहून विचार करा: चावी नसेल तर मी कुठून आत जाईन?

उदाहरण म्हणून पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा टू-बीएचके घेऊ. पुढे लोखंडी सेफ्टी डोअर, आत लाकडी मुख्य दार. हॉलला बाल्कनी. स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन. बाथरूम-टॉयलेटच्या लूव्हर्सच्या काचा डक्टमध्ये उघडणाऱ्या. बेडरूमच्या खिडक्यांना ग्रिल.

'बंद घराचं कुलूप तोडून' किंवा 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द घरफोडीच्या बातम्यांत इतके ठरलेले आहेत की आपण ते वाचतही नाही. पण त्यातच उत्तर आहे. पहिला धोका मुख्य दाराला. दुसरा ड्राय बाल्कनीला, कारण तिथे ग्रिल नसेल तर डक्टमधले ड्रेनेजचे पाइप म्हणजे तयार शिडी. तिसरा हॉलच्या बाल्कनीला, खासकरून पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर किंवा गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर. ग्रिल असलेल्या खिडक्या त्यानंतर.

या घराला किती सेन्सर लागतील? मुख्य दाराला एक दार-सेन्सर आणि एक कंपनाचा. ड्राय बाल्कनीच्या दाराला एक, हॉलच्या बाल्कनीच्या सरकत्या दाराला एक. आणि पॅसेजमध्ये एक पीआयआर, कारण कुठूनही आत शिरला तरी कपाट असलेल्या बेडरूमकडे जायला चोराला पॅसेज ओलांडावाच लागतो. तोही आडवा. झाले पाच.

प्रत्येक खोलीत पीआयआर लावण्याचा मोह होतो, दुकानदारही तेच सुचवतो. गरज नसते. जितके पीआयआर जास्त, तितक्या चुकीच्या घंटा जास्त.

मुख्य दाराला दोन सेन्सर का? दार-सेन्सर वाजतो तो दार उघडल्यावर. म्हणजे सेफ्टी डोअर तुटलेलं असतं, लॅच तुटलेलं असतं, चोर आत पाऊल टाकत असतो. कंपनाचा सेन्सर तोडफोड सुरू असतानाच वाजतो. दाराबाहेरच दचकलेला चोर आणि आत शिरून दचकलेला चोर यात फार फरक आहे. मात्र कंपनाच्या सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता आली पाहिजे, नाहीतर समोरच्यांनी दार आपटलं किंवा जिन्यात सुतळी बॉम्ब फुटला की तुमच्या घरात बोंब.

पाल, समई आणि मे महिना

किटसोबत आलेलं मॅन्युअल बहुतेक वेळा परदेशी घर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं. आपल्या घरातल्या काही गोष्टी त्यात नसतात.

पाल ही त्यातली पहिली. पाल लांब भिंतीवर असेल तर पीआयआर तिला सहसा मोजत नाही. पण ती थेट सेन्सरच्या काचेवरून चालत गेली तर जवळ असल्यामुळे तिने पूर्ण पट्टा झाकला जातो आणि सेन्सरला ती माणसाएवढी दिसते. त्यात सेन्सर ट्यूबलाइटच्या शेजारी लावलेला असेल तर किडे येणार, किड्यांमागे पाल येणार, हे ठरलेलंच. म्हणून पीआयआर दिव्यापासून लांब लावा आणि त्याच्या मागच्या, वायर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांना टेप लावा. मुंग्या आणि कोळी तिथूनच आत शिरतात.

देवघरातली समई, निरांजन, कूलरचा झोत, फ्रीजच्या मागून येणारी गरम हवा, पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता जमिनीवर पडणारं ऊन: या सगळ्यांनी खोलीतली उष्णता झटक्यात बदलते. पीआयआरचं तोंड यांच्याकडे नको. हलणाऱ्या पडद्याकडेही नको.

आता मे महिना. पीआयआर माणसाला ओळखतो तो आजूबाजूच्या भिंतींपेक्षा माणूस गरम किंवा थंड असल्यामुळे. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे बंद घराच्या भिंती उन्हाळ्यात त्याच्या आसपास सहज पोचतात. मग भिंत आणि माणूस यांत फरकच उरत नाही आणि सेन्सरची नजर मंदावते. चांगल्या सेन्सरमध्ये 'टेम्परेचर कॉम्पेन्सेशन' असतं, म्हणजे गरमी वाढली की तो स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. मायक्रोवेव्हची जोड असलेले ड्युअल सेन्सरही मिळतात. पण विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर सरळ नियम ठेवा: मुख्य भरवसा दार-खिडक्यांच्या सेन्सरवर, पीआयआर जोडीला.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर 'पेट इम्यून' लिहिलेला पीआयआर घ्या. त्यावर २० किंवा २५ किलोपर्यंत असं वजन लिहिलेलं असतं. ते वजन जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी असतं. मांजर कपाटावर चढून सेन्सरच्या उंचीला आलं की हा हिशोब संपला.

मग पावसाळा. लाकडी दारं फुगतात, नीट मिटत नाहीत आणि चुंबक-स्विचमधलं अंतर वाढतं. दोन तुकड्यांमध्ये साधारण एक सेंटिमीटरहून जास्त फट नको. ओल आलेल्या भिंतीवर डबल टेप टिकत नाही, डिस्टेंपर असेल तर रंगासकट निघून येतो. पीआयआर रात्री तीन वाजता जमिनीवर पडला तर त्याला ती 'हालचाल'च वाटते. त्यामुळे 'नो ड्रिलिंग' विसरा, पीआयआर आणि सायरनला दोन-दोन स्क्रू मारा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून.

मेन स्विच बंद केला की काय होतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि अगदी आपल्या घरातलं.

गावाला निघताना आपल्याकडे एक विधी असतो. गॅसचा रेग्युलेटर बंद, नळ बंद, मेन स्विच बंद, कुलूप ओढून बघ, परत एकदा ओढून बघ. यातल्या 'मेन स्विच बंद'मध्ये अलार्मचा घात आहे.

मेन बंद केला की राउटर लगेच बंद. हबमध्ये बॅकअप बॅटरी असते, पण ती काही तासांची सोय आहे, आठ दिवसांच्या सुट्टीची नाही. म्हणजे तुम्ही गावी पोचून चहा पीत असाल तोवर अलार्म चालू असेल, आणि त्यानंतर उरलेली सगळी सुट्टी तो भिंतीवरचा एक शोभेचा डबा असेल. ॲपमध्ये 'ऑफलाइन' दिसेल, पण आपण त्याला नेटवर्कचा प्रॉब्लेम समजू.

उपाय सोपा आहे. इलेक्ट्रिशियनला सांगून राउटर आणि हबचा सॉकेट वेगळ्या एमसीबीवर घ्या. जाताना मेन चालू ठेवून बाकीचे एमसीबी खाली करा, तेवढा एक वर राहू द्या. जुन्या घरात एकच फ्यूज असेल तर हे काम आधी करून घ्या, अलार्म नंतर.

घरी इन्व्हर्टर असेल तर हेही तपासा की राउटरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का. बऱ्याच घरांत फक्त दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर असतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो.

वाय-फायसोबत सिम कार्डची सोय असलेला हब घ्यावा, असं मी म्हणेन. नेट गेलं तरी तो फोन किंवा एसएमएस करू शकतो. पण इथेही दोन खाचखळगे आहेत. स्वस्त किटमध्ये अजूनही २जी मोडेम असतो आणि जिओचं नेटवर्क ४जी-५जीच आहे, त्यामुळे अशा किटमध्ये जिओचं सिम चालत नाही. खोक्यावर '४जी' लिहिलेलं आहे का बघा. दुसरं, प्रीपेड सिमची व्हॅलिडिटी संपली की आउटगोइंग बंद, आणि अलार्मला हवं असतं ते आउटगोइंगच. रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. सिमला पिन लॉक असेल तर ते आधी मोबाइलमध्ये टाकून काढा, नाहीतर हब ते वाचूच शकणार नाही.

अजून एक बारीक गोष्ट. बहुतेक किट २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ॲपमध्ये हब सापडत नाही आणि माणूस उगाच किट परत पाठवतो.

सिग्नल भिंतीतून जातो का?

जातो, पण सगळ्या भिंतींतून सारखा नाही. विटांची भिंत त्याला फारशी अडवत नाही. आरसीसीचा कॉलम, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी अडवतात. वाड्यातल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती तर चांगल्याच अडवतात. खोक्यावर लिहिलेलं १०० मीटर हे मोकळ्या मैदानातलं अंतर असतं. घरात त्यातलं किती उरतं ते प्रत्येक घरात वेगळं, म्हणून स्क्रू मारण्याआधी सेन्सर हातात धरून त्या-त्या जागी चाचणी घ्या.

दार-सेन्सर लोखंडी चौकटीवर थेट लावला तर चुंबकाचा जोर आणि रेडिओचा सिग्नल दोन्ही कमी होतात. मध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा ठेवा.

हब कुठे ठेवायचा? बरेच जण तो हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला ठेवतात. दिसायला छान, पण चोरालाही तो तिथेच दिसतो. मुख्य दारातून शिरल्यावर कोड टाकायला सिस्टीम साधारण २०-३० सेकंद देते, ती तुमच्या सोयीसाठी. तेवढ्या वेळात समोर दिसणारा हब आपटून फोडता येतो. म्हणून कीपॅड दारापाशी, हब आतल्या खोलीत किंवा माळ्यावर, आणि सायरन वेगळा, हात पोचणार नाही असा उंच. हब लोखंडी कपाटात लपवू नका, तिथे सिग्नलच पोचत नाही.

स्वस्त आणि महाग किटमधला खरा फरक इथेच आहे, दिसण्यात नाही. स्वस्त किटमधले सेन्सर बहुतेक वेळा ४३३ मेगाहर्ट्झवर एकतर्फी बोलतात. सेन्सर सिग्नल सोडतो आणि विसरतो, पोचला की नाही ते त्याला कळत नाही. त्याची बॅटरी मेली किंवा तो कोणी उपटून टाकला तर हबलाही कळत नाही, कारण हबच्या दृष्टीने शांतता म्हणजे सगळं ठीक. शिवाय त्यांचा कोड अनेकदा कायम एकच असतो. तो एकदा हवेतून टिपला की पुन्हा वाजवता येतो. तुमच्या रिमोटचा 'बंद कर' हा संदेशसुद्धा.

चांगल्या किटमध्ये संवाद दोन्ही बाजूंनी होतो, संदेश एन्क्रिप्ट केलेले असतात आणि सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी लावतो. हजेरी चुकली की हब तुम्हाला कळवतो. विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: 'सेन्सरची बॅटरी काढली तर मला मेसेज येईल का?' उत्तर 'हो' असेल तर तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा. कुलूपबंद कडी तोडून शिरणारे चोर रेडिओ कोड टिपत बसत नाहीत हे मान्य, पण मेलेली बॅटरी ही कधीतरी प्रत्येक घरात होणारी गोष्ट आहे.

अमेरिकेतला भाऊ येताना किट घेऊन येतोय? त्याला थांबवा. रेडिओच्या पट्ट्या देशागणिक वेगळ्या असतात. झेड-वेव्ह प्रकारची उपकरणं अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, भारतात ८६५ च्या आसपास. तिकडचा हब आणि इकडचा सेन्सर एकमेकांना ऐकूच येणार नाहीत. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, तिकडचा तिकडे. इथे विकल्या जाणाऱ्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते, ती किटला आहे का ते विक्रेत्याला विचारा.

बसवायचा दिवस

रविवारी सकाळी बसा, संध्याकाळी नको. आधी सगळे सेन्सर टेबलावर ठेवून हबशी जोडून घ्या आणि प्रत्येकाला नाव द्या. 'झोन ३' नको, 'ड्राय बाल्कनी' लिहा. रात्री दोन वाजता फोन वाजल्यावर 'झोन ३' म्हणजे काय हे आठवत नाही.

दार-सेन्सर आतल्या बाजूने, बिजागरीच्या विरुद्ध टोकाला, वरती. बिजागरीकडे लावला तर दार बरंच उघडलं तरी चुंबक जवळच राहतो. दोन तुकड्यांवर खुणेची रेघ असते, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. पीआयआर साधारण २.१ ते २.२ मीटर उंचीवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेइतका, आणि शक्यतो कोपऱ्यात.

मग ॲपमधला 'वॉक टेस्ट' मोड लावून घरभर चाला. हळू चाला, रांगून बघा. घरातली लहान मुलं हे काम आनंदाने करतात.

'होम' किंवा 'स्टे' मोड नीट लावून घ्या. यात दारं जागी असतात आणि पीआयआर झोपलेला. हा मोड नसेल तर रात्री पाणी प्यायला उठलेले आजोबा आणि सायरन यांची रोज भेट होणार, आणि आठवड्याभरात अलार्म कायमचा बंद. घरात ज्येष्ठ मंडळी एकटी राहत असतील तर पलंगाजवळ पॅनिक बटण ठेवा. मुलं परदेशात आणि आई-बाबा इथे, अशा घरांत चोरीच्या अलार्मपेक्षा या बटणाचाच उपयोग जास्त होतो.

पिन कोड जन्मसाल किंवा फ्लॅट नंबर नको. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड द्या, बहुतेक ॲपमध्ये तशी सोय असते. म्हणजे उद्या त्यांनी काम सोडलं तर सगळ्या घराचा कोड बदलावा लागत नाही. त्यांच्यावर उगाच संशयही येत नाही, कोण किती वाजता आलं ते नोंदलेलं असतं.

वाजला, पुढे काय?

सायरनचा आवाज जवळून १००-११० डेसिबलच्या घरात जातो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची. त्यामुळे सायरन तीन-चार मिनिटांनी आपोआप थांबेल असं सेटिंग ठेवा. तेवढ्यात जो घाबरून पळायचा तो पळतो. तुम्ही गावी असताना रात्रभर वाजणारा सायरन मात्र अख्ख्या सोसायटीला तुमच्या विरोधात उभं करतो.

यातच खरी जोखीम आहे. पहिल्यांदा वाजला की शेजारी धावत येतात. दुसऱ्यांदा गॅलरीतून डोकावतात. तिसऱ्यांदा कूस बदलून झोपतात. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण दुसरीत ऐकलेली असते. म्हणून पहिले दोन आठवडे सायरन बंद ठेवून सिस्टीम फक्त मोबाइलवर नोटिफिकेशन देईल अशी चालवा. कुठला सेन्सर उगाच ओरडतो ते या काळात कळतं. त्याची जागा बदला, मग सायरन चालू करा.

फोनच्या यादीत पहिलं नाव कोणाचं? बहुतेक जण स्वतःचं टाकतात. तुम्ही रत्नागिरीत असाल आणि घर डोंबिवलीत, तर तुम्हाला फोन येऊन काय होणार? तुमचा नंबर असू द्याच, पण सोबत शेजारी, सोसायटीचा वॉचमन किंवा सेक्रेटरी आणि त्याच शहरातला एखादा नातेवाईक हवा. त्यांना आधी विचारा आणि नेमकं काय करायचं ते सांगून ठेवा: लांबून बघायचं, दार तुटलेलं दिसलं तर ११२ ला फोन करायचा, एकट्याने आत शिरायचं नाही. शेजारच्या काकांनी काठी घेऊन आत जाणं शौर्याचं वाटतं, पण आत एक माणूस आहे की चार, त्यांच्या हातात काय आहे, हे त्यांना माहीत नसतं.

खरोखर घरफोडी झालीच तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका. कपाट आवरू नका, दार पुसू नका. ॲपमधली नोंद, म्हणजे कुठला सेन्सर किती वाजून किती मिनिटांनी वाजला, तिचा स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्या. चोर कुठून शिरला आणि किती वेळ आत होता ते त्यावरून कळतं, आणि त्या वेळेवरून आसपासच्या सीसीटीव्हीचं फुटेज शोधणं सोपं जातं. असे गुन्हे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ आणि ३०५ खाली नोंदवले जातात. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्या.

कोकणातल्या बंद घराचं काय?

मुंबईत राहणाऱ्या आणि गणपतीला गावचं घर उघडणाऱ्या मंडळींसाठी हा प्रश्न वेगळा आहे. कौलारू घरात चोराला दार लागतच नाही, तो चार कौलं काढून उतरतो. म्हणजे दार-सेन्सर पुरेसा नाही, आणि पीआयआर लावावा तर उंदीर, वटवाघळं आणि मांजरांचं राज्य. त्यात आठवडाभर लाइट नाही, वाय-फाय नाही, मोबाइलची रेंज खळ्यात एका कोपऱ्यात.

अशा घरात पूर्ण घर राखण्याच्या भानगडीत पडू नका. एकच खोली निवडा, देवघराची किंवा जिथे भांडी-सामान आहे ती. तिला वरून फळ्यांचा माळा असेल तर उत्तम. त्या खोलीच्या दाराला एक सेन्सर, सिमवर चालणारा हब जिथे रेंज येते तिथे, आणि शक्य असेल तर छोट्या सोलर पॅनेलवर बॅटरी. सायरन बाहेर, वाडीतल्या शेजारच्या घराच्या दिशेने. चार महिन्यांच्या पावसात ओलीने बॅटरीच्या पट्ट्यांना गंज चढतो, त्यामुळे मे अखेरीस आणि गणपतीला गेल्यावर, असं वर्षातून दोनदा सेन्सर उघडून बघावे लागतात.

शहरातल्या घरात हेच काम महिन्यातून एकदा पुरतं. प्रत्येक दार उघडून बघायचं, पीआयआरसमोरून एकदा चालायचं, ॲपमधली बॅटरीची टक्केवारी बघायची. बटण सेलचे दार-सेन्सर वापरानुसार वर्ष-दोन वर्षं चालतात, सेल बदलल्यावर आत तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, सोसायटीच्या ग्रुपवर आधी मेसेज टाकून, राउटर बंद करा, हबचा प्लग काढा आणि मुख्य दार उघडा. सायरन वाजला, शेजारच्या काकूंचा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला, तर सिस्टीम बसली.